पहिला सीसीटीव्ही घ्यायचाय, पण बाबा म्हणतात "मी काय चोर आहे?"

अबोली०७ | शुक्रवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला आमचं टोकाचं रो-हाउस आहे. एका बाजूला शेजार, दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट आणि त्यात कमरेएवढं गाजरगवत. मागच्या मंगळवारी रात्री पाण्याचं पितळी मीटर चोरीला गेलं. दागिने नाहीत, गाडी नाही, मीटर! सकाळी पाणी आलं ते टाकीत न जाता थेट अंगणात, तेव्हा कळलं. गल्लीत तिघांची गेली आहेत. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "गल्लीत कॅमेरा कोणाकडे आहे?" कोणाकडेच नाही.

नवरा अंबडला शिफ्टमध्ये, मी सकाळी आठ ते संध्याकाळी सात बाहेर. घरी माझे बाबा एकटे, वय ७३. तेव्हा कॅमेरे बसवायचं ठरवलंय, आणि ते बाहेरून मोबाईलवर दिसायला हवेत. एकाने चार कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), हार्डडिस्क, वायरिंगसकट १७,५०० सांगितले. ऑफिसातली मैत्रीण म्हणते कशाला, दोन वायफाय कॅमेरे घे, पाच-सहा हजारांत मोकळी हो.

माझे प्रश्न: वायरवाले की वायफाय? लाईट गेली की काय? रेकॉर्डिंग किती दिवस राहतं? आणि सगळ्यात अवघड प्रश्न बाबांचा. ते म्हणाले, "नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं रोज गेटवर झडती देऊन घरी आलो. आता घरातच झडती?" आणि जेवताना ताटावरून उठले.

तर्री | रात्री ९:५१

रुमाल टाकतोय. सविस्तर नंतर.

बाकी मीटर गेलं म्हणजे आता पाणी बिनमीटरचं. एवढा गाजावाजा करू नका. (दिवे घ्या, गंमत होती.)

भाजीपोळी | रात्री १०:०५

वायफाय घे गं. माझ्याकडे टॅपोचा एक आहे, तीन वर्षं झाली, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये. दारावरच्या फळीवर ठेवला, १२८ जीबीचं कार्ड घातलं, क्यूआर कोड स्कॅन केला, झालं. भोक नाही, ड्रिल नाही, माणूस घरी बोलावणं नाही. कुरिअरवाल्याला ऑफिसातून सांगते, "दादा, शेजारी द्या." साधं काम साधंच ठेवावं.

एकच सूचना. हे कॅमेरे सहसा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटरवर २.४ आणि ५ या दोन्ही वायफायचं नाव एकच असेल तर जोडताना रडवतात. नावं वेगळी करून घे.

वायरमन | रात्री १०:४८

ताई, मी हेच काम करतो, तेव्हा पदरचं सांगतो. विकायला काही नाही, निर्धास्त वाचा.

भाजीपोळी यांचं फ्लॅटसाठी बरोबर आहे. तुमचं टोकाचं घर आहे आणि चोरी बाहेर झाली आहे. 'वायरलेस' या शब्दाला फसू नका. डेटाची वायर नसते, विजेची असतेच. कंपाउंडच्या खांबावर वायफाय कॅमेरा लावलात तर ॲडॅप्टरसाठी वायर ओढावीच लागेल. मग ओढायचीच आहे तर कॅट-सिक्स, म्हणजे नेटवर्कची केबल, ओढा. पीओई असेल तर त्याच एका वायरीतून वीजही जाते आणि चित्रही येतं. शंभर मीटरपर्यंत चालते, तुमच्या घराला चिक्कार झाली.

पण त्याआधी एक सांगा. त्या चार कॅमेऱ्यांनी तुम्हाला नक्की काय दाखवायचं आहे? गिऱ्हाईक म्हणतं "चार लावा", आम्ही चार कोपऱ्यांत चार लावतो. चोरी झाली की दिसतो एक टोपीवाला, तोंडच नाही. दहा-बारा फूट उंचीवर लावलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या दिसतात. आमच्या गावाकडे तर सगळेच संशयित.

हिशोब असा. युरोपियन मानक आहे, ईएन ६२६७६-४, २०१५ चं. त्यात म्हटलंय की अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल पाहिजेत. ओळखीचा माणूस ओळखू यायला १२५ पुरतात. नुसतं 'कोणीतरी आहे' एवढं कळायला २५. आता साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या, त्यात आडवे १९२० पिक्सेल. २.८ मिमीची लेन्स साधारण शंभर अंश बघते. गुणाकार-भागाकार केलात तर दहा फुटांपर्यंत अनोळखी चोराचा चेहरा मिळतो, वीस फुटांपर्यंत "अरे, हा तर आपला अमका", त्यापुढे भूत. ४ मेगापिक्सेल घेतला तर दहाचे चौदा फूट होतात. ब्रोशरमध्ये 'तीस मीटर नाइट व्हिजन' लिहितात, त्याचा अर्थ तीस मीटरवर कोणीतरी हलतंय एवढाच.

म्हणून टेप घ्या. फाटकापासून भिंत किती फूट, मीटरच्या चेंबरपासून किती, ते मोजून इथे टाका. मग ठरवू.

तर्री | रात्री १०:५५

वायरमनभाऊ, 'त्यापुढे भूत' आवडलं. आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात सेक्रेटरीसुद्धा भूतच दिसतात. पण त्यांचं प्रत्यक्षातही तसंच आहे.

मेनरोड | शनिवार, सकाळी ८:१०

एक महत्त्वाचं कोणीच विचारत नाही, ते मी भोगलंय. कॅमेरा तुमचा, भिंत तुमची, पैसे तुमचे. खातं कोणाच्या नंबरवर?

दुकानात बसवले तेव्हा बसवणाऱ्या पोराने ॲप 'करून देतो साहेब' म्हणत माझ्या फोनवर उघडून दिलं. छान चाललं. दोन वर्षांनी मी फोन बदलला, ॲप पुन्हा टाकलं, तर ओटीपी येईना. येणार कसा? खातं त्याच्या नंबरवर उघडलं होतं, माझ्या फोनवर फक्त लॉगिन होतं. तोवर तो धंदा सोडून गावी गेला होता. म्हणजे दोन वर्षं त्या पोराच्या फोनवर माझा गल्ला दिसत होता! त्याने बघितलं असेल असं मी म्हणत नाही. पण पाहू शकत होता ना? शेवटी डीव्हीआर उघडून रीसेट करावा लागला.

तेव्हा ताई, माणूस शिडीवरून उतरला की त्याच्यासमोर आपल्या नंबरवर, आपल्या हाताने खातं उघडा. ॲडमिनचा पासवर्ड स्वतः टाका. घरच्यांना 'शेअर' करा, पासवर्ड वाटू नका.

वायरमन | सकाळी ८:२२

मेनरोड यांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्यातले काही जण असं करतात हे कबूल. बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो, गिऱ्हाईक रात्री अकराला फोन करून "दिसत नाही" म्हणतं म्हणून सोयीसाठी ठेवतात. तरी चूकच.

आयपी_अ‍ॅड्रेस | सकाळी ९:३५

माझा मुद्दा मेनरोड यांना जोडूनच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच फौजेने ऑक्टोबरमध्ये डाइन (Dyn) नावाच्या कंपनीवर हल्ला केला. अमेरिकेत कितीतरी मोठ्या साइट काही तास उघडेनात. तो शिरला कसा? कारखान्यातून येणारे 'ॲडमिन-ॲडमिन' छापाचे पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते म्हणून.

बाहेरून बघायचे दोन रस्ते आहेत. जुना रस्ता पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे राउटरला भोक पाडून रस्त्यावरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट करून देणं. कोणी हे करून देतो म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. तसंही आजकाल बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता, मिळत नाही, शेकडो घरांत एकच वाटलेला असतो, त्यामुळे ते चालतही नाही. दुसरा रस्ता क्यूआर कोडचा. डीव्हीआर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो आणि तुमचा फोन तिथे जाऊन भेटतो. घरासाठी हाच बरा, फक्त पासवर्ड दणकट हवा आणि दुहेरी पडताळणी चालू हवी.

घेताना आणखी एक बघा. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सीसीटीव्हीला सरकारी सुरक्षा चाचणी लागते, एसटीक्यूसी म्हणतात ती. जुना पडलेला माल 'ऑफर' म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो. मॉडेल नंबर विचारा, प्रमाणपत्र विचारा. आणि डबा 'ऑनव्हिफ' चालवणारा घ्या, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा त्यालाच जोडता येतो.

भाजीपोळी | सकाळी ९:५०

बाई गं. मी पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा ठेवलाय. आलेच बदलून.

गोदाकाठ | सकाळी ११:१५

थोडं अवांतर. आमच्या गच्चीवरचा कॅमेरा चोरासाठी नाही, पुरासाठी आहे.

घर गोदाघाटाजवळ, खाली भावाचं भांड्यांचं दुकान. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच विचारतं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय? गुडघ्याला, कमरेला, छातीला. ज्यांना क्यूसेक कळत नाहीत त्यांना मारुती कळतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर तो पुरता बुडाला. त्या वेळी मी कामानिमित्त बाहेरगावी होतो आणि भावाला दर दहा मिनिटांनी फोन करत होतो. शेवटी तो ओरडला, "मी भांडी वर चढवू का तुला मारुती दाखवू?" पुढच्या पावसाळ्याआधी कॅमेरा लावला, तोंड थेट मारुतीकडे.

आता गंमत ऐका. पहिल्याच मोठ्या पाण्यात, ऐन वेळी, कॅमेरा बंद! पाणी चढलं की घाटाच्या भागातली वीज सुरक्षेसाठी बंद करतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कॅमेऱ्याला इन्व्हर्टर होता, पण राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर नव्हता. कॅमेरा जागा, राउटर झोपलेला. तेव्हा अबोलीताईंच्या लाईटच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: कॅमेरा, डीव्हीआर, राउटर आणि फायबरची ती छोटी डबी, चारही गोष्टी बॅकअपवर हव्यात. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा असतो.

पंचवटी_एक्स्प्रेस | सकाळी ११:४०

गोदाकाठ, त्या कॅमेऱ्याची लिंक सगळ्यांना देता का? पावसाळ्यात आख्खं शहर दुवा देईल. मी रोज गाडीत बसून कसाऱ्याच्या घाटात रेंज शोधत असतो.

गोदाकाठ | सकाळी ११:४४

वर आयपी_अ‍ॅड्रेस यांनी इतकं घाबरवल्यावर? मुळीच नाही.

कुंदा_मावशी | दुपारी २:२०

मुलींनो, मुलांनो, माझंही ऐका, मी कॅमेऱ्याच्या पलीकडची आहे. म्हणजे जिला बघतात ती.

मुलगा कॅनडात. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा हॉलमध्ये एक फिरता कॅमेरा ठेवून गेला, "आई, तुझ्या काळजीपोटी." पहिले आठ दिवस बरं वाटलं. मग फोन यायला लागले. "आई, अकरा वाजले, अजून झोपली नाहीस?" "आई, ती कोण बाई आली होती?" अरे, ती आपली शेजारीण, तुला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलीय! एकदा मी सोफ्यावर बसून भडंग खात होते, तर त्या डबीतून आवाज, "आई, मीठ कमी खा." मी दचकून अर्धं भडंग गालिच्यावर सांडलं.

त्या दिवशी मी क्रोशाचा रुमाल काढला आणि त्या यंत्रावर घातला. तो अजून आहे. मुलाने विचारलं तर म्हटलं, धूळ बसते.

अबोली, तुझे बाबा मशीनवर रागावलेले नाहीत गं. त्यांना विचारल्यावाचून ठरलं म्हणून रागावलेत.

तर्री | दुपारी २:३१

मावशी, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मी काल धाग्यावर रुमाल टाकला, तुम्ही थेट कॅमेऱ्यावर.

अबोली०७ | दुपारी ३:०५

मावशी, लागलं हो. खरंच विचारलं नव्हतं. कोटेशन हातात घेऊनच गेले होते त्यांच्यासमोर. आणि एक कॅमेरा हॉलमध्ये लावणार होते, "बाबा पडले-बिडले तर" म्हणून.

वायरमनदादा, मापं घेतली. पोर्चच्या भिंतीपासून फाटक १३ फूट. मीटरचं चेंबर फाटकाच्या आतच, डावीकडे, भिंतीपासून ११ फूट. मोकळ्या प्लॉटच्या बाजूची भिंत ३८ फूट लांब.

वायरमन | दुपारी ३:४०

मग चार नकोत, दोनच. पोर्चच्या भिंतीवर आठ-साडेआठ फूट उंचीला एक ४ मेगापिक्सेल, तोंड फाटक आणि मीटरकडे. चौदा फुटांच्या आत दोन्ही बसतात. दुसरा मागच्या कोपऱ्यावरून प्लॉटच्या भिंतीकडे, तिथे ६ मिमीची लेन्स, कारण पट्टा अरुंद आणि लांब आहे. ६ मिमी लांबचं जवळ आणते, कडेचं सोडून देते.

रेकॉर्डिंगचा हिशोब. एच-२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धतीत, २ मेगापिक्सेलला साधारण २ एमबीपीएस धरा, दिवसाचे २१-२२ जीबी. ४ मेगापिक्सेलला दुप्पट, ४३. असे दोन कॅमेरे म्हणजे दिवसाला ८६ जीबी, १ टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहिते. जुन्या एच-२६४ डब्यात त्याच दर्जाला जवळजवळ निम्मेच दिवस. डिस्क पर्पल किंवा स्कायहॉकसारखी, या कामासाठी बनवलेलीच घ्या. कॉम्प्युटरची जुनी काढून घालू नका, ती दिवसरात्र लिहीत राहायला केलेली नसते.

डबा टीव्हीखाली ठेवू नका. चोर आता शिकलेत, जाताना तोही उचलतात. पोटमाळ्यावर, हवा लागेल अशा जागी.

आणि कोळी! हे कोणी सांगत नाही. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या अदृश्य दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. रात्री ते पांढरंशुभ्र चमकतं, वाऱ्याने हलतं आणि फोनवर रात्रभर 'हालचाल आढळली'. माझ्या एका गिऱ्हाइकाने तीन रात्री झोप घालवली, सकाळी बघतो तर कोळी आरामात बसलेला. उपाय एकच, शनिवारी घर झाडताना लांब झाडूने तिथेही एक हात. कॅमेरा पांढऱ्या भिंतीला किंवा पत्र्याला अगदी चिकटून नको, रात्री उजेड परत फिरून चित्र धुरकट होतं.

द्राक्षबाग | रात्री ८:१८

दिवसभर शेतात होतो, आता वाचलं. पिंपळगाव बसवंतजवळ आमची बाग आहे. आमच्याकडची तऱ्हा वेगळी, तिथे वायफाय नाही नि लाईटचा भरवसा नाही. सिमकार्डवाला फोर-जी कॅमेरा आणि वर सोलर पॅनल. हालचाल झाली की जागा होतो, एरवी झोपतो. डेटा वाचवायचा तर फोनवर बघताना हलका प्रवाह निवडा, त्याला सबस्ट्रीम म्हणतात. पूर्ण दर्जाने तासभर बघितलं तर ९०० एमबी जातात, हलक्यात सव्वादोनशेच्या आसपास.

चोर एकदाही सापडला नाही. बिबट्या तीनदा सापडला. पहिल्यांदा रात्री अडीचला फोन वाजला, बघतो तर दोन डोळे दिव्यासारखे आणि मागे शेपूट. तेव्हापासून गडी पहाटे एकटा मोटर चालू करायला जात नाही, आधी मोबाईल बघतो. आमच्यासाठी कॅमेऱ्याचे पैसे तिथेच वसूल झाले.

दोन चुका सांगतो, दोन्ही माझ्याच. पहिली, शेडपासून घरापर्यंत तांब्याची वायर उघड्यावरून नेली होती. मे महिन्यात वळवाची वीज जवळ पडली, त्या वायरीतून आत आली आणि डबा, राउटर, टीव्ही एका दमात गेले. बाहेरून लांब वायर आणणार असाल तर अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर घालाच, नाहीतर मध्ये फायबर टाका, काचेतून वीज येत नाही.

दुसरी चूक. छाटणीला बाहेरगावचे मजूर येतात, पत्र्याच्या खोल्यांत राहतात. साहित्य चोरीला जाऊ नये म्हणून कॅमेरा लावला तो नेमका त्यांच्या अंगणाकडे. मला काही वाटलं नाही. चार दिवसांनी मुकादमाची बायको माझ्या आईकडे आली आणि हळूच म्हणाली, "आम्ही तिथंच आंघोळ करतो, ताट्याच्या आड. आता पोरी अंधार पडेपर्यंत थांबतात." मान खाली गेली हो. त्याच रात्री कॅमेरा काढून औषधाच्या खोलीच्या दारावर लावला.

कोर्टाची_पायरी | रात्री ९:००

द्राक्षबाग, तुम्ही काढलात हे उत्तम केलंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई खासगी अंगांचं चित्रण संमतीवाचून करण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं. ते जाणूनबुजून केल्यावर लागतं, पण पोलिसांसमोर "मला माहीत नव्हतं" म्हणत बसायची वेळ कशाला आणा? अबोली, तुझा कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडकीत किंवा मोरीत डोकावत नाही ना, ते आधी त्यांनाच फोनवर दाखव. मग तेच तुझ्या घराकडे लक्ष ठेवतील. बऱ्याच डब्यांत तेवढा भाग काळा करायची सोय असते.

पुराव्याबद्दल. फुटेज नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून खटला उभा राहत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, येतो. जुन्या कायद्यात हे ६५-ब होतं. २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा खोतकर-गोरंट्याल निकाल यावरचाच, आणि तोही आपल्या जालन्याच्या निवडणुकीतल्या व्हिडिओ चित्रणावरून! मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं त्यात म्हटलंय.

घरच्या माणसाने एवढंच करावं: घटना कळली की लगेच मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवावी, नाहीतर वर सांगितल्याप्रमाणे अकराव्या दिवशी पुसली जाते. आणि डब्याचं घड्याळ बरोबर आहे का ते बघावं. एका प्रकरणात डीव्हीआर चाळीस मिनिटं मागे होता, त्या चाळीस मिनिटांवर समोरच्या वकिलाने आमची सकाळ खाल्ली.

मेनरोड | रात्री ९:२५

सगळं वाचून एक बाळबोध शंका. चोरी झाली मीटरची. त्या चेंबरला लोखंडी झाकण करून कुलूप घातलं तर? फॅब्रिकेटर हजार-बाराशेत करून देईल.

वायरमन | रात्री ९:३१

मेनरोडशेठ, माझ्या पोटावर पाय देऊ नका. (पण बरोबर आहे. आधी ते करा.)

भाजीपोळी | रात्री ९:४०

कॅमेऱ्याने चोरी थांबत नाही, चोर दिसतो. कुलपाने चोर दिसत नाही, चोरी थांबते. दोन्ही करून टाक गं.

पंचवटी_एक्स्प्रेस | रविवार, सकाळी १०:०२

सिंहस्थाला, म्हणजे २०२७ ला, सगळ्यांकडे पाहुणे येणार. तेव्हा एक कॅमेरा बाथरूमच्या रांगेकडे लावावा, कोण आधी आला होता यावरून भांडणं नकोत.

कोर्टाची_पायरी | सकाळी १०:०६

६६-ई!

अबोली०७ | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:५०

उशीर झाला, पण काय झालं ते लिहिते.

आधी झाकण आणि कुलूप केलं. मग बाबांशी बोलले, या वेळी कोटेशनशिवाय. हॉलचा कॅमेरा रद्द केला. ते बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी वायरमनदादांची पोस्ट माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि टेप घेऊन स्वतः पुन्हा मोजायला गेले. फाटक १३ फूट नाही, १३ फूट ४ इंच आहे. "प्रेसमध्ये असं मोजलं असतंस तर घरी पाठवलं असतं," म्हणाले.

दोन ४ मेगापिक्सेल, पीओई, १ टीबी. डबा पोटमाळ्यावर, राउटरला छोटा यूपीएस. बसवायला आलेल्या मुलाला म्हटलं खातं माझ्या नंबरवर उघड, तर म्हणाला, "मॅडम, आमच्याच नंबरवर करतात सगळे." मी मेनरोड यांची गोष्ट सांगितली. गुपचूप केलं. शेजारच्या काकूंना चित्र दाखवलं, त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी कोपऱ्यात येत होती, तेवढी काळी केली.

रेकॉर्डिंग खरंच अकरा दिवसांचंच राहतंय. कोळी चौथ्या दिवशी आला.

बाबांना टॅबवर शेअर करून दिलं. आता तेच आमचे कंट्रोल रूम. दुधाची पिशवी कोण फोडतं ते त्यांनी शोधून काढलं, समोरच्यांचा बोका, पहाटे ५:१२, 'पुरावा पेनड्राइव्हवर आहे.' मला मात्र दिवसातून एकदाच बघायचं असा नियम घातलाय, संध्याकाळी सहाला, ते फिरायला निघतात तेव्हा.

काल सहाला ऑफिसातून ॲप उघडलं. बाबा पोर्चमध्ये आले, कॅमेऱ्याखाली थांबले, वर बघितलं. मग दोन्ही हात वर केले, पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले, रुमाल झटकून दाखवला, आणि फाटक लावून निघून गेले. आजही तेच केलं.

कुंदा_मावशी | रात्री ८:०४

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

तर्री | रात्री ८:०९

पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा ताई. अकरा दिवसांत पुसलं जाईल.

नवा_सदस्य_नाशिक | रात्री ११:३३

दुमजली घर आहे, मखमलाबादला. बोअरची मोटर आणि गाडी दिसली पाहिजे. चार कॅमेरे लावू का आठ?

वायरमन | रात्री ११:४०

भाऊ, टेप आहे का घरात?